हबलची दुर्बीण आणि अकरावीचा ग्रुप

पत्र : "सर, मी हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यात राहतो. कोरडवाहू शेती आहे, सोयाबीन-तूर घेतो. मुलगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. लातूरला ठेवून नीटची तयारी करायची असं घरात ठरलंय. क्लासवाले म्हणतात गणित घेऊ नका, ग्रुप बी घ्या, उगीच लोड होतो. पोरगी मात्र अंतराळातल्या दुर्बिणीचंच घेऊन बसली आहे. मोबाईलवर हबलचे फोटो दाखवते, म्हणते मला हेच करायचंय. सर, आकाशाचे फोटो काढून कुणाचं पोट भरतं? आणि आपल्या भागातल्या लेकराला तिथं कोण घेणार?"

भाऊ, नमस्कार.

प्रवेशाचे दिवस आहेत, म्हणून घाईचं आधी सांगतो. गणित सोडू नका. ग्रुप बी घेतला की डॉक्टरकीची वाट राहते, पण इंजिनीअरिंगची आणि भौतिकशास्त्राची बहुतेक दारं अकरावीतच बंद होतात. घरात एकमत होत नसेल तर एबी ग्रुप घ्या, म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही. जड जातो, हे क्लासवाले खरं सांगतात. झेपत नाही असं दिसलं तर मी जीवशास्त्र सोडायला सांगेन, गणित नाही.

आता हबल दुर्बिणीचं. मुलगी जे फोटो दाखवते त्यांच्यामागची हकीकत तुम्हीही ऐका, म्हणजे या क्षेत्रात माणसं दिवसभर नेमकं काय करतात ते कळेल.

जमिनीवरून तारे लुकलुकतात ते मधल्या हवेमुळे. हीच हवा अतिनील किरणंही बहुतेक अडवते. म्हणून दुर्बीणच हवेच्या वर न्यावी, असं लायमन स्पिट्झर या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1946 मध्ये लिहून ठेवलं. तेव्हा एकही उपग्रह आकाशात गेलेला नव्हता. दुर्बीण प्रत्यक्ष वर गेली 24 एप्रिल 1990 ला, म्हणजे 44 वर्षांनी. आणि पहिले फोटो आले ते अंधुक!

कारण फार बारीक होतं. दुर्बिणीचा आरसा 2.4 मीटर व्यासाचा. तो कडेला हवा त्यापेक्षा सुमारे 2 मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता. केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग म्हणा. घासताना आरसा ज्या उपकरणाने तपासत होते त्यातलं एक भिंग 1.3 मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलं होतं. दुसऱ्या साध्या उपकरणांनी गडबड दाखवलीही होती, पण ती उपकरणं कमी अचूक मानून तिकडे दुर्लक्ष झालं.

वर गेलेला आरसा बदलणं शक्य नव्हतं. पण चूक किती आणि कशी आहे हे गणिताने बिनचूक काढता येत होतं. मग तिच्या बरोबर उलट आकाराचे, नाण्याएवढे आरसे बनवले. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी यानातून पाच वेळा बाहेर पडून ते बसवले, सोबत ही चूक आतल्या आत सुधारणारा नवा कॅमेराही बसवला. चित्र स्वच्छ झालं. पुढे 2009 पर्यंत आणखी चार वेळा माणसं वर जाऊन दुरुस्ती करून आली. दुर्बीण पस्तिशी ओलांडूनही काम करते आहे.

भाऊ, ही दुर्बीण वाचवणाऱ्यांत खगोलशास्त्रज्ञ थोडेच होते. काच घासणारे, भिंगाचं गणित करणारे, बॅटरी आणि दुर्बिणीची दिशा स्थिर ठेवणारे जायरोस्कोप सांभाळणारे, सॉफ्टवेअर लिहिणारे, बाहेर तरंगत स्क्रू फिरवणारे, असे नाना कामांचे लोक होते. तुमच्या मुलीला अजून हे एकच काम वाटतंय, ते पन्नास कामांचं आहे. त्यातलं तिचं कोणतं, हे तिला पदवीपर्यंत सावकाश ठरवता येईल.

"फोटोंचा उपयोग काय" हा प्रश्न रास्त आहे. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो डिसेंबर 1995 चा प्रयोग. रॉबर्ट विल्यम्स हे तेव्हा हबलचं विज्ञान सांभाळणाऱ्या संस्थेचे संचालक होते. संचालक म्हणून स्वतःच्या अधिकारात असलेला दुर्बिणीचा वेळ त्यांनी सप्तर्षींजवळच्या एका रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर लावला. ही जागा हात लांब करून धरलेल्या खसखशीच्या दाण्याएवढी. तिथे काहीच दिसलं नाही तर दुर्बिणीचा अमूल्य वेळ वाया, अशी भीती होती. दहा दिवस त्याच जागेचे 342 फोटो घेतले आणि ते एकावर एक जुळवले. त्या दाण्याएवढ्या जागेत सुमारे 3,000 दीर्घिका निघाल्या. एकेका दीर्घिकेत अब्जावधी तारे. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपता तेव्हा सप्तर्षी उत्तरेकडच्या आकाशात असतात. त्या रात्री हे मुलीकडून पुन्हा ऐका.

हबलच्या आधी विश्वाचं वय 1,000 कोटी वर्षं की 2,000 कोटी, यावर वाद होता. हबलने दूरच्या दीर्घिकांची अंतरं नीट मोजली आणि पुढे इतर मोजमापांची जोड मिळून ते 1,380 कोटी वर्षांच्या आसपास निश्चित झालं. विश्वाचं प्रसरण वेग घेत आहे, या 1998 च्या शोधातही हबलचा हातभार होता. त्या शोधाला 2011 चं नोबेल मिळालं. घरात डॉक्टर हवा म्हणता म्हणून हेही सांगतो: हबलसाठी सुधारलेलं कॅमेऱ्याच्या चिपचं तंत्र पुढे स्तनातल्या गाठीची सुईने तपासणी करण्याच्या यंत्रात वापरलं गेलं.

"आपल्या लेकराला कोण घेणार?" यासाठी अमेरिकेपर्यंत जायला नको. इस्रोने 28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट ही आपली दुर्बीण वर सोडली. ऑक्टोबर 2016 मध्ये तिने 28 तासांहून जास्त वेळ एका भागाकडे पाहिलं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले कनक साहा आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी तपासून 930 कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेतून आलेली अतिनील किरणं शोधली, 2020 मध्ये ते प्रसिद्ध झालं. तोच भाग हबलनेही पाहिला होता, पण ही किरणं तिच्या हाती लागली नव्हती. कितीतरी लहान दुर्बीण असून आपल्याला जमलं, कारण यंत्राचा स्वतःचा गोंगाट कमी होता आणि नोंदी चिकाटीने तपासल्या गेल्या. शिवाय हबलच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना फुकट खुल्या होतात. नांदेडच्या कॉलेजातल्या खोलीत बसूनही त्यावर काम करता येतं.

आणि औंढा नागनाथ तर तुमच्याच जिल्ह्यात. तिथल्या दुधाळ्याच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटींची मंजुरी दिली. ही आरशांची दुर्बीण नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेसर सोडून ती अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडेल. पण दोन्हींचं काम एकमेकांना पूरक आहे. 17 ऑगस्ट 2017 ला अमेरिका आणि युरोपातल्या अशा यंत्रांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली, आणि ती जिथे झाली ती दीर्घिका मग हबलनेही न्याहाळली. औंढ्याचं काम पूर्ण व्हायला वर्षं लागतील, तोवर मुलगी शिकून तयार होईल.

वाट अशी आहे. बारावीनंतर आयसर पुण्यासारख्या विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा. तीत भौतिक, रसायन, जीव आणि गणित चारही विषयांचे 15-15 प्रश्न असतात, एबी ग्रुपचा फायदा तिथे दिसेल. यंत्रं बनवण्याकडे ओढा असेल तर जेईई ॲडव्हान्स्डमधून तिरुवनंतपुरमची आयआयएसटी, ती अंतराळ विभागाचीच आहे. दोन्ही हुकलं तरी नांदेडला किंवा संभाजीनगरला बी.एस्सी. फिजिक्स, मग जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. ही तिसरी वाट मला कमी वाटत नाही. खर्चही आवाक्यात राहतो.

पैशाचं स्पष्ट सांगतो. पीएच.डी. करताना संशोधन संस्थांत सहसा विद्यावेतन मिळतं, 2023 पासून सुरुवातीला महिना 37,000 रुपये. पण तिथे पोचायला बावीस-तेवीस वर्षांची व्हावं लागतं, पुढे पाच-सहा वर्षं अभ्यास, आणि खगोलशास्त्रातल्या कायमच्या जागा मोजक्या. जे तिथे राहत नाहीत ते डेटा, सॉफ्टवेअर, उपग्रह-चित्रं किंवा कॉलेजातलं अध्यापन याकडे वळतात. घरची शेती तोवर कोण बघणार, भावंडांचं शिक्षण कसं, हा हिशेब तुम्ही मुलीला बसवून उघड करा. तिला तो कळायला हवा.

यंदा दोन गोष्टी करा. नोव्हेंबरमध्ये खगोलशास्त्राची राष्ट्रीय प्राथमिक परीक्षा असते, एनएसईए म्हणतात. ती कॉलेजातून कुठे देता येईल ते प्रवेश घेतानाच विचारा. आणि 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी आयुका सगळ्यांसाठी खुलं असतं, परभणीहून पुण्याला गाड्या आहेत, तिला घेऊन जा. तुम्हीही आत या. तिथल्या मुलांना फी, राहणं, नोकरी, मनात असेल ते विचारा. एबी ग्रुप मिळाला का, तेवढं मात्र मला लगेच कळवा.