आईला न सांगता लस द्यावी का?

‘ताई, माझी आई ७९ वर्षांची असून तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. इमारतीला लिफ्ट नाही, तिचे गुडघे गेले आहेत, कानांनी कमी ऐकू येते आणि मोबाइल तिला आलेला फोन उचलण्यापुरताच जमतो. गेल्या वर्षी तिला न्यूमोनिया झाला. ताप नव्हता, म्हणून चार दिवस आम्हाला कळलेच नाही. ती नुसती गप्प झाली, जेवेनाशी झाली आणि एकदा न्हाणीघरात पडली. आता डॉक्टर लस घ्यायला सांगत आहेत, तर ती “मला कुठेही नेऊ नका” एवढेच म्हणते. तपासणीचे नाव काढले तरी चिडते. दादा म्हणतो, या वयात कशाला टोचाटोची. शक्तीचे इंजेक्शन आहे असे सांगून घरीच लस देऊन टाकावी, असे माझ्या मनात येते. माझे चुकते आहे का? – एक लेक’

होय, चुकते आहे. मात्र ज्या काळजीपोटी हा विचार मनात आला त्या काळजीत काहीही गैर नाही. आईला कमी ऐकू येते असे तुम्ही लिहिले आहे, तिला कळत नाही असे कुठेही लिहिलेले नाही, आणि ज्या माणसाला कळते त्याच्या दंडात काय टोचले जाते हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे. शिवाय ही युक्ती एक दिवसही टिकणार नाही. रात्री दंड दुखू लागला, अंग कसकसले, की ती विचारणारच, आणि एकदा खरे कळले की पुढे तुमच्या हातची नेहमीची गोळीसुद्धा ती उलटसुलट करून पाहील. स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना निर्णय घेताच येत नाही त्यांची गोष्ट वेगळी. तिथे जवळच्या नातेवाइकांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे लागते, पण तिथेही समजेल तेवढे सांगायचेच असते.

तिचे वाक्य पुन्हा एकदा वाचून पाहा. ‘मला लस नको’ असे ती म्हणालेली नाही, ‘मला कुठेही नेऊ नका’ असे म्हणाली आहे. दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले उतरायचे, गर्दीत ताटकळत बसायचे, आपले नाव पुकारले तरी ऐकू येणार नाही या धास्तीने सारखे इतरांच्या तोंडाकडे पाहायचे, स्वच्छतागृह कुठे आहे ते कुणाला तरी विचारायचे आणि पुन्हा तीन मजले चढायचे, एवढा प्रवास त्या चार शब्दांत आहे. त्यातच नोंदणी मोबाइलवर, वेळेचा संदेश मोबाइलवर आणि अहवालही मोबाइलवरच. ही सारी व्यवस्था धडधाकट माणसाच्या सोयीची आहे. आणि ती ज्यांना झेपत नाही त्यांना हट्टी ठरवून आपण मोकळे होतो.

म्हणून आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला, घरी येऊन लस देण्याची सोय आहे का, ते स्पष्ट विचारा. एका रुग्णासाठी घरी येण्यात त्यांच्या अडचणी खऱ्या असतात. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच न्यावी लागते, टोचल्यावर साधारण १५ मिनिटे थांबून रुग्णाकडे लक्ष ठेवावे लागते, आणि काही लशींच्या एकाच कुपीत अनेक डोस असल्याने एकासाठी ती उघडली तर बाकीचे वाया जाण्याची शक्यता असते. यावर एक साधा उपाय आहे. तुमच्या आईसारखे जिने न उतरणारे आणखी कुणी त्या इमारतीत किंवा शेजारी असतीलच. त्यांची विचारपूस करून चार-पाच नावे एकत्र कळवली, तर परिचारिकेची एक खेप सर्वांना पुरते आणि ‘नाही’ म्हणायचे कारणही बरेचसे उरत नाही. रक्त, थुंकी आणि नाकातील स्रावाचा नमुनाही घरून घेता येतो. छातीचा एक्स-रे मात्र सहसा बाहेरच काढावा लागतो. तेवढ्या एका फेरीसाठी खुर्चीवर बसवून खाली नेणारी दोन माणसे आधीच ठरवून ठेवा.

लशींबाबत डॉक्टरांशी नेमके बोला. इन्फ्लुएन्झाचा म्हणजे फ्लूचा विषाणू सतत बदलत असल्यामुळे त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि संरक्षण मिळायला सुमारे दोन आठवडे लागत असल्याने साथ येण्यापूर्वी ती घेतलेली बरी. न्यूमोकोकल लस दरवर्षी घ्यायची नसते. ती न्यूमोनियाच्या एका प्रमुख जिवाणूपासून संरक्षण देते, आणि बहुतेक वेळा दोन्ही लशी एकाच भेटीत, वेगवेगळ्या दंडांत देता येतात. म्हणजे आईला दोनदा तयार करावे लागणार नाही. नागिणीच्या नव्या लशीचे दोन डोस असतात, त्यांचा विचार सवडीने करा. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल किंवा पूर्वी एखाद्या लशीची तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर ते आधी सांगा. गोळी चालू असली तरी सहसा लस देता येते. बारीक सुई वापरून नंतर ती जागा न चोळता किमान दोन मिनिटे दाबून धरतात.

दादांना सांगा की ‘या वयात कशाला’ याचे उत्तर ‘या वयामुळेच’ असे आहे. उतारवयात प्रतिकारशक्ती मंदावते. त्यामुळे लशीचा परिणामही तरुणांपेक्षा काहीसा कमी होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही आजार गंभीर होण्याचा आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका लशीने कमी होतो. दादांनी स्वतःही इन्फ्लुएन्झाची लस घ्यावी, आणि तुम्हीही. आई तीन मजले उतरत नाही. संसर्ग मात्र आपल्याच पायांनी तीन मजले चढून तिच्यापर्यंत जातो.

चाचणीला ती का चिडते, हे तुम्ही तिला कधी विचारले आहे का? माझा तर्क असा की तिला चाचणीपेक्षा चाचणीनंतर काय होईल याची भीती असावी. गेल्या वर्षी तिला रुग्णालयात जावे लागले असेल, तर तिथे तिच्या हातात काहीच उरले नसणार. तेव्हा पुढचे आधीच ठरवा: शक्य असेल तोवर उपचार घरीच, रुग्णालयात जावेच लागले तर सोबत कोण राहणार, आणि अहवाल सर्वांत आधी तिलाच सांगायचा. लवकर चाचणी का, हेही तिला समजेल असे सांगा. फ्लूवरची विषाणुरोधक औषधे पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर सर्वाधिक उपयोगी पडतात. गेल्या वर्षी तुमचे चार दिवस नुसते कळण्यातच गेले. वृद्धांमध्ये मोठ्या संसर्गातही ताप येईलच असे नाही. अचानक गोंधळल्यासारखे होणे, अन्नावरची वासना उडणे, विनाकारण पडणे, श्वास जलद होणे, यांतले काहीही दिसले तर थर्मामीटरवर विसंबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. घरी केलेली कोविडची झटपट चाचणी निगेटिव्ह आली तरी लक्षणे असतील तर ४८ तासांनी ती पुन्हा करावी.

हे सारे फोनवर बोलू नका. तिच्यासमोर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, श्रवणयंत्र असेल तर त्याचा सेल आधी तपासा, आणि लशीचे नाव व ती कशासाठी आहे हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद तिच्याजवळच ठेवा. कोणत्या दिवशी आणि कोणत्या दंडात, हे तिला ठरवू द्या. एवढे करूनही ती ‘नको’ म्हणाली, तर त्या दिवशी विषय तिथेच सोडा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा. दरम्यान तुमची आणि दादांची लस घेऊन झालेली असू द्या.