‘आमचा वकील दोन्हीकडचं बघतो’

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते, माहेर सांगलीचं. गावभागातलं एक जुनं दुमजली घर ६२ लाखांना घ्यायचं ठरतंय. विकणारे दोघे भाऊ आहेत आणि मिळकत पत्रिकेवर (सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर) त्या दोघांचीच नावं आहेत. त्यांची बहीण कोल्हापूरला असते. तिने हक्क सोडल्याचा नोटरी केलेला कागद त्यांच्याकडे आहे. एजंट म्हणतो, ‘आमचा वकील दोन्हीकडचं बघतो, पंधरा हजारांत सगळं होऊन जातंय, ताई तुम्ही फक्त सहीला या.’ कर्ज देणाऱ्या बँकेनेही त्यांच्या वकिलाकडून सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) करून घेतलाय, त्यामुळे आणखी वेगळा वकील कशाला, असं मिस्टरांचं म्हणणं. इंग्लंडमध्ये असलेला माझा भाऊ मात्र म्हणतो की तिकडे स्वतःचा सॉलिसिटर केल्याशिवाय कुणी घर घेत नाही. ५१ हजार विसार चेकने दिलाय. वकील करायचा तर पुण्यातला की सांगलीतला, आणि तो निवडायचा कसा? — एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आधी कोल्हापूरच्या बहिणीबद्दल बोलू. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून असं दिसतं की हे घर विकणाऱ्यांच्या वडिलांनी १९५७ साली स्वतः खरेदी केलं. वडील १९९८ मध्ये गेले, आई २००६ मध्ये. मृत्युपत्र कुणीच केलेलं दिसत नाही. वडील गेले त्या दिवशी कायद्याने घराचे चार समान वाटे झाले : आई, दोन मुलगे, एक मुलगी. मुलींना २००५ च्या दुरुस्तीने हक्क मिळाला, असं पुष्कळांना वाटतं. तो वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा विषय. बापाने स्वतः घेतलेल्या मिळकतीत मुलगी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून पहिल्या वर्गाची वारस आहे, लग्न झालेलं असो वा नसो. पुढे आईचा चौथा हिस्सा तिन्ही मुलांत वाटला गेला. म्हणजे आज प्रत्येकाचा एक तृतीयांश. ६२ लाखांत बहिणीचा वाटा २० लाख ६६ हजारांच्या घरात जातो.

आता तो नोटरीचा कागद. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७ तेच सांगतं. नोटरीचा शिक्का म्हणजे ‘ही सही माझ्यासमोर झाली’, एवढंच. त्याने हक्क एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. मिळकत पत्रिकेवर दोघांचीच नावं आहेत म्हणून मालक दोघेच, असंही नाही. वारस नोंद करताना बहिणीचं नाव गाळलं गेल्याची उदाहरणं आपल्याकडे घरटी एक सापडतील. फेरफार नोंदीने, म्हणजे दप्तरात नाव बदलल्याने, मालकी ठरत नाही, हे न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत.

समजा, तुम्ही दोघा भावांकडून खरेदीखत करून घेतलं. तुम्हाला मिळाले दोन तृतीयांश, आणि बहीण तुमची सहहिस्सेदार झाली. त्यात मेख अशी की राहतं घर अविभक्त कुटुंबाचं असेल, तर त्यातला हिस्सा विकत घेणाऱ्या बाहेरच्या माणसाला संयुक्त ताबाही मागता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ काढून बघा. वाटपाचा दावा तुम्ही लावलात, तर १८९३ च्या वाटप कायद्याखाली ती बहीण तुमचाच हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीला विकत मागू शकते. बँकेचे हप्ते तोवर तुम्हाला चुकत नाहीत.

यावरचा उपाय सोपा आहे. बहीण खरेदीखतात लिहून देणार म्हणून भावांच्या शेजारी बसेल आणि तिच्या हिश्श्याची रक्कम तिच्या खात्यात जाईल. नुसती ‘संमती देणार’ म्हणून तिची सही घेऊ नका, ती मालक आहे. तिला खरोखरच पैसे नको असतील, तर तिने आधी भावांच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवून द्यावं, मग खरेदी करावी.

आता विचार करा, एजंटच्या वकिलांना हे ठाऊक नसेल का? सनद घेतलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. पण त्या वकिलांकडे काम एजंटकडून येतं. तुम्ही आयुष्यात एकदा घर घेणार, एजंट त्यांच्याकडे महिन्याला चार फायली आणतो. ‘बहिणीच्या सहीशिवाय हा व्यवहार करू नका’ असं त्यांनी तुम्हाला सांगितलं, तर एजंटची दलाली लांबते आणि पुढची फाईल दुसऱ्या टेबलावर जाते. ते वकील वाईटच असतील असं मी म्हणत नाही. त्यांना ते वाक्य उच्चारणं परवडत नाही, इतकंच.

मीही हे केलंय. सनद नवीन होती, दोन्ही पक्ष ओळखीचे, एकाच बाकावर बसून चहा प्यायले आणि मी दोघांचं मिळून एक साठेखत (खरेदीखताआधीचा करार) लिहिलं. सहा महिन्यांनी रस्त्याच्या तीन फुटांवरून त्यांचं वाजलं. दोघेही माझ्याकडेच आले, आणि मला दोघांपैकी कुणाच्याही बाजूने तोंड उघडता येईना. एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच कामात विरुद्ध पक्षाचं काम घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. तो नियम कशासाठी आहे हे मला त्या बाकाने शिकवलं.

बँकेच्या सर्चबद्दल मिस्टरांचं म्हणणं पुष्कळांना पटतं. पण तो अहवाल बँकेने बँकेसाठी करून घेतलेला असतो. आपलं कर्ज सुरक्षित आहे का, एवढं बँक बघते, आणि घर गेलं तरी तुमचा पगार आणि जामीनदार तिच्या हातात असतातच. त्या अहवालाची प्रत मागा. दिली तर आपल्या वकिलांना दाखवा. ‘क्लिअर आहे’ असं काउंटरवरून तोंडी कळलं असेल, तर ते विसरा.

भावाचं म्हणणं बरोबर आहे. इंग्लंडमध्ये घराच्या व्यवहारात घेणाऱ्याचा सॉलिसिटर वेगळा आणि देणाऱ्याचा वेगळा, हीच रीत. आपल्याकडे सॉलिसिटर हा शब्द मुंबईचा, तिथे त्याची वेगळी परीक्षा असते. सांगलीत तुम्हाला लागतील ते दिवाणी काम करणारे वकील.

आणि ते सांगलीचेच बघा. कायद्याने पुण्याच्या वकिलांनी हे काम करायला काहीच आडकाठी नाही. नात्यात कुणी वकील असतील, तर त्यांच्याकडून मसुदा एकदा जरूर वाचून घ्या. पण कागद बोलतात ते गावच्या भाषेत. तुमच्याच घराचं १९५७ चं खरेदीखत उघडा. वर ‘जिल्हा दक्षिण सातारा’ असं लिहिलेलं असेल. सांगली संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि त्याचं सांगली हे नाव १९६० मध्ये पडलं. पुण्याच्या एका वकिलांनी असाच दस्त शोधायला साताऱ्याला माणूस पाठवला होता. दोन दिवस घालवून तो बिचारा कंदी पेढे घेऊन परत गेला. त्याआधीचे, संस्थानच्या काळातले कागद निघाले, तर ते मोडीत असू शकतात. मोडी वाचणारा कुठे बसतो, हे इथल्या वकिलांना विचारावं लागत नाही.

गावभाग म्हटल्यावर दुसरी गोष्ट पाण्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४५. हे घर तसंच ठेवून राहायचं असेल, तर भिंतीवरची पाण्याची खूण बघून भाव करा. पाडून नवीन बांधायचं मनात असेल, तर पूररेषेचा प्रश्न येतो. निळ्या रेषेच्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आत नव्या बांधकामाला परवानगी मिळणं अवघड, निळ्या आणि लाल रेषेच्या (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या हद्दीच्या) मध्ये अटी. ‘गावठाणात चालतंय’ असं एजंट सांगेल. महापालिकेच्या नगररचना विभागाकडून लेखी आलं तरच चालतंय असं धरा. आणि जुन्या घरात खालच्या खोलीत कोण राहतं? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. जुना भाडेकरू असेल, तर घर तुमच्या नावावर होईल आणि तो आहे तिथेच राहील. चांगले वकील कागद बघायच्या आधी किंवा नंतर, पण एकदा घराच्या दारात जाऊन उभे राहतात.

निवडायचे कसे? वकिलांना जाहिरात करायची मुभा नाही, त्यामुळे मोठमोठ्या पाट्यांवर जाऊ नका. ‘चांगले वकील कोण’ असं विचारलंत तर प्रत्येक जण आपल्या मेव्हण्याचं नाव सांगेल. त्याऐवजी असं विचारा : कुणाच्या सल्ल्यामुळे तुम्ही एखादा व्यवहार सोडून दिलात? अशी एकदोन नावं हाती लागतील. शक्य असेल तर कोर्टात काम करणाऱ्या माणसाला विचारा की स्वतःच्या घराचे कागद तो कुणाला दाखवतो. बाररूममध्ये हे सगळ्यांना माहीत असतं, बाहेर कुणी बोलत नाही.

नाव मिळालं की प्रत्यक्ष भेटा, फोनवर नको. पहिला प्रश्न सरळ विचारा : या भावांशी, या एजंटशी तुमचा कामाचा किंवा नात्याचा संबंध आहे का? संबंध असेल तर तो वकिलांनी स्वतःहून सांगायचा असतो, पण तुम्ही विचारलेलं बरं. फौजदारीत कितीही नाव असलं तरी तुम्हाला ते उपयोगाचं नाही. रोज दुय्यम निबंधक, नगर भूमापन आणि दिवाणी कोर्ट अशा चकरा मारणारा माणूस हवा. सर्च किमान तीस वर्षांचा, आणि तो कुठे कुठे घेणार हे विचारा. ऑनलाइन ‘सूची दोन’ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) मोबाइलवर कुणालाही दिसते, जुने खंड ऑफिसात बसून उलटावे लागतात. सर्च फीची सरकारी पावती अहवालाला जोडून मागा. दोघा भावांच्या आणि बहिणीच्या नावावर दिवाणी कोर्टात दावा चालू आहे का, पतसंस्थेचा बोजा आहे का, घरपट्टी कुठवर भरली आहे, हेही त्यात आलं पाहिजे. मूळ खरेदीखत डोळ्यांनी बघायला सांगा. आपल्याकडे मूळ दस्त ठेवून कर्ज काढायची चाल आहे, म्हणून ‘मूळ कागद हरवलाय’ हे ऐकलं की माझे कान टवकारतात. स्थानिक दैनिकात जाहीर नोटीसही द्यायला लावा, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवून. भाऊ कुरकुरतील. कुरकुरू द्या.

आणि अहवाल तुमच्या नावाने, लेटरहेडवर, सही आणि सनद क्रमांकासह मागा, कोणकोणते कागद पाहिले त्यांच्या यादीसकट. जे वकील ‘काय टेन्शन घेऊ नका, सगळं ओके आहे’ असं म्हणतात आणि लिहून द्यायला मागेपुढे करतात, त्यांना नमस्कार करून बाहेर पडा.

फी आधी ठरवा, ठरावीक रकमेत, आणि त्यात काय काय आलं ते लिहून घ्या. पुष्कळ वकिलांचं काम खरेदीखताच्या अंगठ्यापाशी संपतं. मिळकत पत्रिकेवर तुमचं नाव लागणं आणि महापालिकेच्या करआकारणीत नाव बदलणं मागे राहतं, मग तुम्ही पुण्याहून रजा काढून खेपा घालता. ते काम फीत धरून घ्या. एजंटच्या पंधरा हजारांपेक्षा ही फी जास्त होईल, ते गृहीत धरा.

भेटीत किमतीचा विषय निघेलच. ‘दस्त ४५ चा करू, वरचे १७ रोख’ असं कुणी सुचवलं, मग ते वकील का असेनात, तर तिथेच उठा. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि उद्या व्यवहार फिसकटला तर ते १७ तुम्ही कुठल्या कागदावर मागणार? ६२ लाखांच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस तुम्हाला कापून भरावा लागेल, आणि विकणारे तीन असतील तर प्रत्येकाच्या पॅनवर त्याच्या हिश्श्याचा वेगळा. दस्त फक्त तुमच्या एकटीच्या नावावर केलात, तर राहत्या घराला महिला म्हणून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. मिस्टरांचं नाव घातलंत की ती जाते. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार.

‘फक्त सहीला या’ म्हणणारा एजंट पुढच्या भेटीत मुखत्यारपत्राचा नमुना पुढे करील, असा माझा अंदाज आहे. देऊ नका. पुण्याहून सांगली किती लांब आहे? एक दिवस रजा काढा आणि स्वतः या.

राहता राहिला विसार. तो चेकने दिलात हे उत्तम केलंत. पण पावतीची प्रत वाचली, त्यात ‘तीन महिन्यांत खरेदी न केल्यास विसार जप्त’ एवढंच आहे. मालकी निर्वेध नसल्यास रक्कम परत, हे कुठेच नाही. वकील नेमलेत की सर्चच्याही आधी त्यांना ही पावती दाखवा आणि त्यांच्याकडून दोन्ही भावांना स्पीड पोस्टाने एक पत्र पाठवायला सांगा : बहिणीचा हक्क नोंदणीकृत दस्ताने मोकळा केल्याशिवाय आम्हाला मुदतीचं बंधन मान्य नाही. पोचपावती जपून ठेवा. तीन महिन्यांतले किती दिवस गेलेत, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, म्हणून हे पत्र याच आठवड्यात जाऊ दे.