आधी ऐकून घे

अगं, बचतगटात नेहमी बडबडणारी बाई फोन वाजला की दचकते, फोंड्याच्या बाजारात जायचं तरी नवऱ्याला विचारते, तिचं एटीएम कार्ड सासूकडे असतं. घरात छळ होत असल्याच्या खुणा अशाच असतात. वळ दिसतीलच असं नाही. चारचौघांत विचारू नकोस, एकटीला गाठ. ‘सोडून का येत नाहीस?’ हे तर तोंडातून काढूच नकोस. घर सोडताना धोका सगळ्यात जास्त असतो, ते तिला पक्कं ठाऊक असतं. नवऱ्याला समजवायलाही जाऊ नकोस, मार तिलाच पडतो. महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर तोंडपाठ करून दे, कारण मोबाइल तपासला जातो. घर कोणाच्याही नावावर असो, २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने तिला तिथे राहायचा हक्क आहे, हेही सांग. आधारकार्डाची, मुलांच्या दाखल्यांची झेरॉक्स मात्र आत्ताच तुझ्याकडे ठेवून घे.