तिसरी खोली कुणासाठी?

"मॅडम, तिथे आम्हाला परवडेल का, एवढंच सांगा."

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, त्यावर एकदा नीट लिहायलाच हवं असं वाटलं. दुबई किंवा टोरांटोला निघालेल्यांना विचारायला निदान एखादा मावसभाऊ तरी तिथे असतो. नोकरी कॅरिबियनकडच्या किंग्स्टन, जॉर्जटाउन किंवा पोर्ट ऑफ स्पेनची असली की चांगली शिकलेली माणसंही गांगरतात. ओळखीचं कुणी नसतं आणि कुठून कुठून मिळवलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. हिशोबासाठी माणसं समुपदेशकाकडे का येतात, असं कुणी विचारेल. ती येतात, कारण तोवर त्या हिशोबावरून घरात बोलणं बंद झालेलं असतं.

निखिल आणि मुग्धा असेच आले. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.) दोघंही चाळिशीच्या आसपासची. डोंबिवलीत घर, त्याचा हप्ता चालू. मुलगी ओवी सहावीत, आणि घरात निखिलची आई. निखिलला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, म्हणजे त्रिनिदादच्या राजधानीत, नैसर्गिक वायूच्या क्षेत्रातली नोकरी मिळाली होती. लॅपटॉपवर एक मोठा तक्ता होता. पहिल्या भेटीतली चाळीस मिनिटं त्या तक्त्यावर गेली.

"हा प्रत्येक रकाना बदलतो," मुग्धा म्हणाली. "मी रात्री भरते, सकाळी आकडे वेगळेच असतात."

"कारण तू प्रत्येक गोष्टीचे रुपये करतेस," निखिल म्हणाला. "फ्लॉवरच्या गड्ड्याचेसुद्धा."

एक टीटी डॉलर, म्हणजे तिथलं चलन, आपल्या साधारण बारा-तेरा रुपयांचा. पगाराला बारा-तेराने गुणलं की राजा झाल्यासारखं वाटतं, भाजीला गुणलं की भिकारी. दोन्ही खोटं. हे मी सगळ्यांनाच सांगते: पहिले सहा महिने गुणाकार बंद. तिथल्या पगारातून तिथला खर्च वजा करा, शिल्लक राहील तिचे फक्त रुपये करा. मुग्धाला हे लगेच पटलं. पण तेवढ्याने भांडण मिटलं नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण अजून वरवरच खणतोय.

मी तक्ता बंद करायला सांगितला. पुढच्या वेळी दोघांनी वेगवेगळा, हाताने लिहिलेला, एका पानाचा महिन्याचा खर्च आणायचा. एकमेकांना दाखवायचा नाही.

बावीस वर्षांच्या अनुभवात मला एक गोष्ट पक्की कळली आहे. माणूस तोंडाने जे बोलू शकत नाही, ते तो खर्चाच्या यादीत लिहून ठेवतो. म्हणून दोघांचे कागद वेगळे मागण्यावर माझा भर असतो.

कागद शेजारी शेजारी ठेवले. किराणा, मोबाईल, गाडीचं पेट्रोल, शाळा, सगळं थोड्याफार फरकाने सारखं. तफावत एकाच ओळीत होती. मुग्धाने सेंट जेम्स भागात दोन बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं धरलं होतं, आठ हजार टीटी. निखिलने वेस्टमूरिंग्जमध्ये तीन बेडरूमचा फ्लॅट धरला होता, अडीच हजार अमेरिकी डॉलर. म्हणजे सतरा हजार टीटी. नऊ हजारांचा फरक. इथे मात्र रुपये करून बघा, महिन्याला लाखाच्या वर जातात.

"सुरक्षितता आहे मॅडम," निखिल म्हणाला. "तिथली परिस्थिती तुम्हाला माहीत असेल."

माहीत होती. जेमतेम 14 लाख वस्तीच्या त्या देशात 2024 या एका वर्षात 600 हून जास्त खून झाले आणि 30 डिसेंबरला आणीबाणी जाहीर झाली. भीती खरी आहे आणि चांगल्या भागात राहायला चार पैसे जास्त मोजणं यात काही चूक नाही. पण मुग्धाने धरलेली इमारतही निखिलच्याच भावी सहकाऱ्याने सुचवलेली होती, फाटकावर चोवीस तास पहारा असलेली. म्हणजे फरक पहाऱ्याचा नव्हता, खोलीचा होता.

"तिसऱ्या खोलीत काय आहे?" मी विचारलं.

"गेस्ट रूम."

"डोळ्यांसमोर आणा. पलंग कसा आहे?"

तो थोडा वैतागला, पण त्याने डोळे मिटले. "बुटका आहे. चढायला त्रास नको म्हणून. बाथरूम खोलीलाच जोडून, आत धरायला दांडा..." आणि मग अगदी सहज, "पूर्वेकडच्या कोपऱ्यात देव ठेवायला जागा."

मुग्धा त्याच्याकडे बघत राहिली. "आईंची खोली?" ती म्हणाली. "आई येणार आहेत? हे तू मला कधी सांगितलंस?"

त्याने डोळे उघडले तेव्हा त्यालाही धक्का बसल्यासारखा दिसला. गेले दोन महिने हे दोघं ज्या आकड्यावरून भांडत होते, त्याला एका माणसाचा चेहरा होता आणि तो लिहिणाऱ्यालाही धड ठाऊक नव्हता.

"आईंना विचारलंत?" मी म्हटलं.

"विचारायचं काय त्यात? ती एकटी राहूच शकत नाही."

माझ्याकडे येणाऱ्यांना माझी एक सवय माहीत असते. मी वाक्यातला 'च' पकडते. प्रसंग आपल्याला जेवढा छळत नाही, तेवढं त्याच्याविषयीचं आपलं ठाम वाक्य छळतं, अशा विचारांच्या शाळेतली मी आहे. आणि मराठीत तो ठामपणा बहुतेक वेळा एका अक्षरात बसतो.

"राहू शकत नाही, की तुम्हाला ते सहन होणार नाही?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मी पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही. अशा वेळी काही केलं की माणूस सुटतो, आणि तेव्हा त्याला सुटू द्यायचं नसतं.

"बाबा गेले तेव्हा मी बंगळुरूत होतो," तो शेवटी म्हणाला. "रात्री फोन आला. सकाळपर्यंत विमान नव्हतं. आता तर त्याहून लांब. परत तसंच झालं तर मी मुलगा म्हणून..."

वाक्य अर्धंच राहिलं. मुग्धाने त्याच्या दंडावर हात ठेवला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच, असं तिने मला नंतर सांगितलं.

त्याला मी खोटा दिलासा दिला नाही. भारतातून तिथे थेट विमान नाही. लंडन किंवा न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी बदलत जायचं, अमेरिकेतून गेलं तर नुसत्या बदलण्यासाठीही व्हिसा, आणि मुंबई गाठायला दिवस-दीड दिवस. "पैसे असले तरी तुम्ही वेळेवर पोहोचाल याची खात्री मी देणार नाही," मी म्हटलं. "डोंबिवलीहून अंधेरीला नोकरी करणाऱ्यालाही ती देता येत नाही. पोहोचता यावं ही तुमची इच्छा आहे, आणि ती योग्य आहे. न पोहोचलो तर मी नालायक, हे तुम्ही स्वतःला दिलेलं बिल आहे. त्याचं भाडं महिना नऊ हजार टीटी."

तो हसला, रडताना माणसं हसतात तसा.

पुढच्या भेटीला काकूंना, म्हणजे निखिलच्या आईंना, बोलावलं. अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात म्हणून काठी, पण आवाज खणखणीत.

"मला खोली नको हो," त्या म्हणाल्या. "माझी मंगळवारची भजनं आहेत, खालच्या मजल्यावर कुसुम आहे. अगं मुग्धा, मी कधी म्हटलं मला न्या? पण हा एवढा माझ्यासाठी करतोय असं दिसल्यावर नाही कशी म्हणू?" मग जरा थांबून, "जायचंय मला. पण राहायला नाही. ते मैदान बघायला."

कुठलं मैदान, ते आम्हा कुणालाच कळेना.

"क्वीन्स पार्क ओव्हल! ह्यांची कात्रणांची वही आहे अजून. 1971 चा मार्च. गावसकरांची पहिली टेस्ट तिथलीच, 65 आणि नाबाद 67. सरदेसाईंचे 112. वेस्ट इंडीजला आपण पहिल्यांदा हरवलं ते तिथे. ह्यांच्या तोंडून पोर्ट ऑफ स्पेन हे नाव मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. निखिलला नोकरी लागली त्या रात्री मी वही काढून बसले होते."

ज्या गावाच्या नावाने मुलाला झोप लागत नव्हती, ते आईच्या कपाटात पन्नास वर्षं जपून ठेवलेलं होतं. तिला विचारावं हे कुणाला सुचलं नव्हतं. मलाही ते आधी सुचायला हवं होतं. तेव्हापासून स्थलांतराच्या प्रश्नात घरातल्या वडीलधाऱ्यांना मी दुसऱ्याच भेटीला बोलावते, चौथ्या नाही.

यानंतरचा हिशोब तासाभरात झाला. दोन बेडरूम, बाहेरच्या खोलीत सोफा-कम-बेड. वाचलेल्या नऊ हजारांतला एक भाग काकूंकडे दिवसभर बाई ठेवायला, एक भाग 'अचानक तिकीट' म्हणून वेगळ्या खात्यात, ज्याला कुणीही हात लावायचा नाही. फोनची वेळही ठरली. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे काकूंची झोपायची साडेनऊची वेळ ही निखिलची दुपारी बाराची जेवणाची सुट्टी.

मुग्धाच्या कागदावरही एक ओळ होती, 'माझा पगार: 0', भोवती तीनदा चौकट. नवऱ्याच्या परवान्यावर बायकोला तिथे नोकरी करता येत नाही, तिचा वेगळा कामाचा परवाना लागतो. त्यावर आम्ही तीन भेटी घालवल्या, त्या स्वतंत्रपणे लिहिण्यासारख्या आहेत. इथे इतकंच, की तिने राजीनामा न देता एका वर्षाची बिनपगारी रजा मागून घेतली.

पोर्ट ऑफ स्पेनला निघालेल्या इतरांसाठी या घराकडून शिकलेलं थोडं सांगते. सगळ्यात आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या की पगार अमेरिकी डॉलरमध्ये की टीटीमध्ये. त्रिनिदादमध्ये परकीय चलनाची टंचाई आहे. बँका डॉलर मोजून मापून देतात. टीटीत पगार घेऊन डोंबिवलीचा हप्ता दर महिन्याला पाठवू, असं गृहीत धरलंत तर पहिल्याच तिमाहीत घरात ताण येईल. निखिलने पगाराचा काही भाग भारतातल्या खात्यात जमा करण्याची अट घालून घेतली. शाळेचंही तसंच. आंतरराष्ट्रीय शाळा महाग, आणि सरकारी शाळांत साधारण अकरा-बारा वर्षांच्या मुलांना माध्यमिकला जाण्यासाठी मोठी परीक्षा द्यावी लागते. ओवी नेमकी त्या वयाची. फी कंपनी देणार का, हे सही करण्याआधी विचारायचं.

किराण्याची मात्र एवढी धास्ती घेऊ नका. बाहेरून येणारं सगळं महाग, सफरचंद, चीज, डबाबंद वस्तू. पण बाजारात बोडी मिळते, म्हणजे आपल्या चवळीच्या लांब शेंगा, भोपळा मिळतो, आणि दशीन नावाने चक्क अळू. त्या पानांना डाळीचं पीठ लावून तळतात आणि 'सहीना' म्हणतात. मुग्धाने पहिला घास घेतला आणि मला फोटो पाठवला, खाली फक्त 'अळूवडी!!' 1845 च्या 30 मे रोजी भारतातून मजूर घेऊन पहिलं जहाज तिथे आलं. पुढे आलेले मजूर बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे. आज देशातले सुमारे 35 टक्के लोक भारतीय वंशाचे आहेत. विजेचं बिलही कमी येतं, कारण ती तिथल्याच वायूवर तयार होते.

शक्य असेल तर कमावणाऱ्याने तीन महिने आधी एकट्याने जावं आणि घर स्वतः चालून बघून ठरवावं. निखिल तसाच गेला. ओवी आणि मुग्धा मागाहून गेल्या. ओवी शेजारच्या मुलीशी खेळत असताना ती मुलगी म्हणाली, माझी आजी बोलावतेय. ओवीला वाटलं हिला मराठी येतं. तिथे वडिलांच्या आईला आजीच म्हणतात.

काकू जानेवारीत निघतायत, दीड महिन्यासाठी, पाऊस नसतो तेव्हा. परवा यादी घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. गोडा मसाला, कात्रणांची वही, गुडघ्याचा पट्टा, मिक्सर. मिक्सरवर मी काट मारली. तिथली वीज 115 व्होल्टची आहे, आपला चालत नाही. वही हातातल्या पिशवीत ठेवा म्हटलं, सामानात टाकू नका.