गुण सारखे, मग प्रवेश एकालाच का?

प्रश्न : अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत प्रवेश केवळ गुणवत्तेवर मिळतो, असे सांगितले जाते. मग परीक्षेत सारखेच गुण मिळवणाऱ्या दोघांपैकी श्रीमंत घरातील मुलाला झुकते माप मिळते, हे खरे आहे का? मोठी देणगी हेच त्याचे कारण असते का?

उत्तर : झुकते माप मिळते, हे खरे आहे. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी ‘आयव्ही लीग’ या जुन्या, नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटातील आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक व शिकागो अशा बारा विद्यापीठांतील प्रवेशांचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. एसएटी किंवा एसीटी या महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या परीक्षेत तेवढेच गुण असलेल्या मध्यमवर्गीय मुलांच्या तुलनेत सर्वांत श्रीमंत १ टक्का कुटुंबांतील मुले तेथे पोहोचण्याची शक्यता दुपटीहून अधिक असते, असे त्यांना आढळले. नावाजलेल्या सरकारी विद्यापीठांत मात्र असा फरक दिसला नाही.

देणगीची प्रकरणे गाजतात. पण माझ्या मते खरा अन्याय नियमांतच मुरलेला आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे प्राधान्य आणि खेळाडूंसाठीच्या जागा यांचा त्यात मोठा वाटा आहे. तलवारबाजी किंवा नौकानयन यांसारख्या खेळांचे वर्षानुवर्षांचे प्रशिक्षण सामान्य कुटुंबाला परवडत नाही, हे उघड आहे.

तिसरे कारण म्हणजे अभ्यासेतर उपक्रमांना मिळणारे महत्त्व. ते सहज नजरेत येत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. अनेक विद्यापीठे वापरत असलेल्या ‘कॉमन अ‍ॅप’ या सामाईक अर्जात अभ्यासेतर उपक्रमांसाठी दहा जागा असतात. एखादा विद्यार्थी उन्हाळी संशोधन शिबिर, वादविवाद स्पर्धा आणि परदेशातील सेवाकार्य लिहून त्या भरतो, शिवाय ६५० शब्दांचा निबंध सशुल्क सल्लागाराकडून तपासून घेतो. दुसरी विद्यार्थिनी शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळते, शनिवार-रविवार दुकानाच्या गल्ल्यावर बसते आणि त्या जागा रिकाम्याच सोडते. वास्तविक ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ आणि ‘पगारी काम’ हे पर्याय त्याच अर्जात दिलेले आहेत. परंतु शेकडो मुलांची जबाबदारी असलेल्या शालेय समुपदेशकाला तिच्याशेजारी बसून हे सांगायला वेळ मिळत नाही. मला सर्वाधिक खंत याचीच वाटते, कारण तिने केलेले कष्ट निवड करणाऱ्यांसमोर येतच नाहीत.

‘अर्ली डिसिजन’ म्हणजे लवकर अर्ज करून लवकर निर्णय मिळवण्याच्या पद्धतीतही सामान्य कुटुंबांची अडचण होते. प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारण्याची हमी तिथे आधीच द्यावी लागत असल्याने, निरनिराळ्या महाविद्यालयांनी देऊ केलेले अर्थसाहाय्य ताडून पाहण्याची ज्यांना गरज असते, ती कुटुंबे या वाटेला जायला कचरतात.

काही बदल होत आहेत. जॉन्स हॉपकिन्स आणि अ‍ॅमहर्स्ट यांनी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचे प्राधान्य स्वतःहून बंद केले, तर कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खासगी महाविद्यालयांतही ते आणि देणगीदारांचे प्राधान्य रोखले. आपल्या परिचयातील कोणी अर्ज भरत असेल, तर घरकाम आणि नोकरीचे आठवड्याचे तास त्यात नोंदवायला अवश्य सांगावे, आणि शुल्काचा आकडा पाहून माघार घेण्यापूर्वी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील गणकयंत्रात उत्पन्न भरून प्रत्यक्ष खर्चाचा अंदाज घ्यायला सुचवावे.