बाई, झालेलं मतदान रद्द कसं होतं?

माझा मुलगा दीड वर्षापासून रोमानियात वेल्डिंगचं काम करतो. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने फोनवर सांगितलं, "आई, इथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली, मतं मोजली आणि कोर्टाने सगळं रद्द केलं." मग मे २०२५ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. आपल्याकडे एखाद्या केंद्रावर फेरमतदान होतं हे ऐकून आहे, पण अख्ख्या देशाचं? मुलाला परत बोलवू का, असं सारखं मनात येतं. बाई, नीट समजावून सांगाल?
— एक आई, भांडुप

ताई, आधी मुलाचं बोलते. मेमधलं मतदान शांततेत पार पडलं. हरलेल्या उमेदवाराने निकालाविरुद्ध तिथल्या घटनात्मक न्यायालयात अर्ज केला, तो फेटाळला गेला आणि नवे राष्ट्राध्यक्ष कामाला लागले. मार्चमध्ये एका उमेदवाराचा अर्ज बाद झाला तेव्हा बुखारेस्टमध्ये निवडणूक कार्यालयाबाहेर लोकांची आणि पोलिसांची झटापट झाली होती. अशा गर्दीत जाऊ नकोस, मोर्चाचे व्हिडिओ काढत उभा राहू नकोस, राहण्याच्या परवान्याची तारीख बघून ठेव, एवढं त्याला सांगा. परत बोलवण्यासारखं काही घडलेलं नाही.

आता रद्द होण्याचं. हा प्रश्न मला फार लागतो, कारण माझं स्वतःचं एक मत रद्द झालेलं आहे.

डिसेंबर १९८७ मध्ये आमच्या पार्ल्यात विधानसभेची पोटनिवडणूक होती. मी तेव्हा तीस वर्षांची, शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास. त्यांना हाताला धरून रांगेत नेलं. दोघींनी फुलीचा शिक्का मारला, घडी घातली, कागद पेटीत टाकले. डॉ. रमेश प्रभू निवडून आले. हरलेले प्रभाकर कुंटे उच्च न्यायालयात गेले. प्रचारात धर्माच्या नावावर मतं मागितली, असा त्यांचा दावा होता. एप्रिल १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली आणि डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मत दिल्यापासून तब्बल आठ वर्षांनी! मी कोणाला मत दिलं ते आजवर घरीही सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. निकाल योग्यच होता असं मी तेव्हाही मानलं. पण पेपर वाचताना सासूबाईंची आठवण आली. मधल्या काळात त्या गेल्या होत्या. दुखऱ्या पायांनी तासभर उभ्या राहिल्या, आणि ते मत धरलंच गेलं नाही, हे त्यांना कळलंही नाही.

आमच्याकडे आठ वर्षं लागली. रोमानियात बारा दिवस.

२४ नोव्हेंबर २०२४ ला पहिली फेरी झाली. आदल्याच दिवशी आपल्या विधानसभेचे निकाल लागले होते, मुंबईत फटाक्यांचा कागद रस्त्यावर पडलेला होता. तिकडे कोणाचं लक्ष असणार? जवळपास ९५ लाख लोकांनी मतं दिली. पाहण्यांमध्ये मागे असलेले कलिन जॉर्जेस्कू हे अपक्ष सुमारे २३ टक्के मतं घेऊन पहिले आले. दुसऱ्या एलेना लास्कोनी. पंतप्रधान मार्चेल चोलाकू तिसरे, लास्कोनींपेक्षा तीन हजारांहूनही कमी मतांनी मागे. तिथे कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते, ती ८ डिसेंबरला ठरली होती.

जॉर्जेस्कूंनी प्रचाराचा खर्च शून्य दाखवला होता. प्रचार झाला तो मुख्यतः टिकटॉकवर. ४ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष क्लाउस योहानिस यांनी गुप्तचर खात्याची कागदपत्रं खुली केली. मतदानाच्या दोन आठवडे आधी सुमारे २५ हजार खाती एकदम जागी झाली, व्हिडिओ पसरवणाऱ्यांना पैसे दिले गेले, निवडणुकीच्या संगणकांवर ८५ हजारांहून जास्त हल्ले झाले, असं त्यांत लिहिलं होतं. ६ डिसेंबरला नऊ न्यायाधीशांच्या घटनात्मक न्यायालयाने एकमताने राष्ट्राध्यक्षपदाची सगळी निवडणूक रद्द केली. परदेशातल्या केंद्रांवर तोवर दुसऱ्या फेरीचं मतदान सुरूही झालं होतं. सुट्टी काढून, गाडीने दोन-तीन तास जाऊन रांगेत उभी राहिलेली माणसं होती ती. त्यांची मतंही गेली.

मला यातली एक गोष्ट पटलेली नाही आणि ती मी स्पष्ट लिहिते. याच न्यायालयाने आधी फेरमोजणी करायला लावली आणि २ डिसेंबरला पहिल्या फेरीचा निकाल ग्राह्य ठरवला. चार दिवसांत तोच निकाल रद्द. खर्च शून्य दाखवून लाखोंचा प्रचार झाला असेल तर तो मतदारांशी केलेला धडधडीत खोटेपणा आहे, त्याला सोडून द्या असं मी म्हणणार नाही. पण शून्याचा आकडा मतदानाआधीच समोर होता. तेव्हाच कोणी विचारायला हवं होतं. आपल्याकडे २०१९ मध्ये वेल्लोरची लोकसभा निवडणूक पैशाच्या प्रकरणावरून रद्द झाली, ती मतदानाच्या दोन दिवस आधी. तिथे लोकांना त्रास झाला, पण दिलेलं मत कोणाच्या हातून काढून घेतलं गेलं नाही. मी सात वेळा मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केलं आहे. संध्याकाळी दार बंद केल्यावर पेटीला लाख लावताना हात भाजायचा, पण मतांचा हिशेब जुळेपर्यंत आम्ही कोणी पाणीही प्यायचो नाही. म्हणून मला हे लागतं.

•

मी गिरणी कामगार, लाल बावट्याच्या युनियनमध्ये होतो. १९८९ च्या नाताळात रोमानियाच्या कम्युनिस्ट सत्ताधीशाला, चाउशेस्कूला गोळ्या घातल्याची बातमी आम्ही चाळीच्या गॅलरीत मोठ्याने वाचली होती. मग लगेचच्या निवडणुकीत तिथल्या लोकांनी जुन्या कम्युनिस्ट पक्षातल्याच माणसाला का निवडलं?
— एक वाचक, लालबाग

दादा, तुमची आठवण बरोबर आहे. २० मे १९९० ला रोमानियात राष्ट्राध्यक्ष आणि संसद, दोन्हींचं मतदान एकाच दिवशी झालं. इयोन इलिएस्कूंना ८५ टक्के मतं पडली. ते एकेकाळी पक्षातले वरचे पुढारी, पुढे चाउशेस्कूने बाजूला सारलेले. त्या रविवारी तिथल्या चर्चच्या पंचांगात येशूने आंधळ्याला दृष्टी दिल्याची आठवण होती, म्हणून विरोधक आजही त्या दिवसाला 'आंधळ्याचा रविवार' म्हणतात.

मला ते लोक आंधळे वाटत नाहीत. परदेशी कर्ज फेडण्यासाठी चाउशेस्कूने देशातलं धान्य, मांस बाहेर विकलं होतं. लोक रेशनवर होते, घरं थंड होती. क्रांतीनंतर काही महिन्यांतच दुकानांत माल आला, घरांत ऊब आली, आणि हे सगळं इलिएस्कूंच्या हातून झालं असं दिसत होतं. टीव्ही त्यांच्याकडे, गावोगावची यंत्रणा त्यांच्याकडे. विरोधातले इयोन रात्सिऊ अनेक वर्षं लंडनमध्ये राहून परतलेले. "याने आमच्याबरोबर सोयाचं सलामी खाल्लं नाही" असं त्यांच्याबद्दल बोललं गेलं. त्या वाईट दिवसांत मांसाच्या नावाखाली तेच मिळायचं. जो आपल्याबरोबर उपाशी राहिला नाही तो आपला नाही, हे तुम्हाला मी काय समजावणार! बेमुदत संपाच्या दिवसांत बाहेरून येऊन शहाणपण सांगणाऱ्यांना लालबागने काय ऐकवलं असेल ते तुम्ही पाहिलंय.

पुढचं लिहायला जड जातं. निवडणुकीनंतर महिनाही झाला नव्हता, जून १९९० मध्ये खाणकामगारांना रेल्वेने राजधानीत आणलं गेलं आणि त्यांनी विरोधकांना, विद्यार्थ्यांना दांडक्यांनी मारलं. इलिएस्कूंनी त्या कामगारांचे आभार मानले. कामगाराचा हात असा वापरला गेला, याचं दुःख माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त होईल. मतपेटीतून सत्ता विरोधकांकडे जायला १९९६ उजाडलं. तेव्हा एमिल कॉन्स्टँटिनेस्कूंनी इलिएस्कूंना हरवलं.

•

२०२४ मध्ये रोमानियात राष्ट्राध्यक्ष आणि संसद अशा दोन्ही निवडणुका लागोपाठ का आल्या? तिथले राष्ट्राध्यक्ष आपल्या राष्ट्रपतींसारखेच का? वादविवाद स्पर्धेत 'एक देश, एक निवडणूक'च्या बाजूने हे उदाहरण देऊ का?
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, दादर

देऊ नकोस, समोरचा तुला धरेल. रोमानियाने दोन्ही निवडणुका मुद्दाम वेगळ्या केल्या आहेत. २००४ पर्यंत त्या एकत्र होत. २००३ च्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांची मुदत चारऐवजी पाच वर्षं केली, संसदेची चारच ठेवली. एका लाटेत दोन्ही सत्तास्थानं वाहून जाऊ नयेत हा त्यामागचा विचार. चार आणि पाचचा लसावि काढ : वीस. म्हणून २००४ नंतर थेट २०२४. तेही एका दिवशी नाही. २४ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षांची पहिली फेरी आणि १ डिसेंबरला, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय दिनी, संसद.

आपले राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात. तिथे थेट लोक निवडतात, म्हणून त्या पदाला वजन आहे. ते सैन्याचे प्रमुख, युरोपियन युनियनच्या शिखर बैठकांत देशाच्या वतीने तेच बसतात, पंतप्रधानाचं नाव तेच सुचवतात. पण त्या पंतप्रधानाला विश्वासदर्शक ठराव संसदेत जिंकावा लागतो. संसद राष्ट्राध्यक्षांना निलंबितही करू शकते, मग जनता कौल देते. त्राइयान बसेस्कूंवर हे दोनदा आलं. २००७ मध्ये लोकांनी त्यांना राखलं. २०१२ मध्ये मतं त्यांच्या विरोधात पडली, पण निम्मे मतदार आलेच नाहीत म्हणून कौल बाद झाला आणि ते टिकले.

तुझ्या स्पर्धेसाठी खरा मुद्दा वेगळाच आहे. ६ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षाची निवडणूक रद्द झाली, पण पाच दिवस आधीची संसदेची निवडणूक कायम राहिली. त्यामुळे देशात कायदेशीर संसद होती आणि सरकार बसू शकलं. दोन्ही मतदानं एकाच दिवशी, एकाच रांगेत झाली असती, तर एकाच्या डागातून दुसरी सोडवून घेणं किती अवघड झालं असतं, याचा विचार कर. आपलं विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत आलं आणि संयुक्त समितीकडे गेलं आहे. ते मूळ मसुद्यातून वाच, क्लासच्या नोट्समधून नको.

•

बाई, रोमानियाचे नवे राष्ट्राध्यक्ष गणितज्ञ आहेत हे खरं का?
— इयत्ता आठवी, मानखुर्द

अगदी खरं. निकुशोर दान यांनी १९८७ आणि १९८८ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये पैकीच्या पैकी गुण आणि सुवर्णपदक मिळवलं. पुढे पॅरिसला डॉक्टरेट केली. परत आल्यावर बुखारेस्टमधल्या जुन्या इमारती पाडणाऱ्या बिल्डरांविरुद्ध वर्षानुवर्षं कोर्टात खटले लढले, २०२० मध्ये महापौर झाले. मे २०२५ च्या पहिल्या फेरीत ते जॉर्ज सिमिओन यांच्या जवळपास निम्म्यावर होते, ४१ विरुद्ध २१ टक्के. दोन आठवड्यांनी, १८ मे रोजी, ५३.६ टक्के मतं घेऊन जिंकले. पहिल्या फेरीपेक्षा कितीतरी जास्त लोक मतदानाला बाहेर पडले, एकंदर जवळपास ६५ टक्के. आदल्या वर्षी ज्यांची मतं रद्द झाली होती, त्यांतलेही कितीतरी पुन्हा रांगेत आले असतील. मला त्या निकालात याचाच सगळ्यात जास्त आनंद झाला.

ऑलिम्पियाडचं काम पाहणारं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तुझ्या मानखुर्दलाच आहे. तिथले जुने पेपर मिळव आणि एक गणित तीन दिवस सोडू नकोस. अडलं तर पुढच्या अंकासाठी मला पाठव, मी माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना विचारून उत्तर छापेन.