प्रिंटर एक, मागणारे दहा

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत: ऑफिसात प्रिंटर एक आणि प्रिंट मागणारे पाच-दहा. पत्रं लांबलचक होती, त्यातला कामाचा भाग तेवढा ठेवलाय.

प्रश्न (कर सल्लागार, इचलकरंजी): पाच कॉम्प्युटर आहेत आणि एचपीचा जुना लेझरजेट १०२०. तो युएसबीने अकाउंटंट मॅडमच्या मशीनला जोडून सगळ्यांना शेअर केलाय. मॅडम रजेवर असल्या की प्रिंट बंद. त्या जेवायला गेल्या तरी बंद, कारण मशीन झोपतं. ऑनलाइन मिळणारा छोटा प्रिंट सर्व्हरचा डबा घेऊ का?

उत्तर: डबा घेऊ नका. कारण सांगतो.

प्रिंट सर्व्हर म्हणजे वेगळं यंत्रच असलं पाहिजे असं काही नाही. सगळ्यांची कामं घ्यायची, रांगेत लावायची आणि प्रिंटरला एकेक करून द्यायची, एवढंच ते काम. तुमच्याकडे ते मॅडमचं मशीन करतंय. त्याला सर्व्हरची नोकरी लागलीय, पण ते कुणी त्याला सांगितलेलं नाही, म्हणून ते दुपारी झोपतं. आज फुकटात होणारा उपाय एवढाच: त्या मशीनच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’वर ठेवा. स्क्रीन बंद होऊ द्या, मशीन नको. जाताना मॅडमनी शटडाउन न करता लॉक करायचं. रजेच्या दिवशी मशीन चालू करणं हे जो कुलूप उघडतो त्याचं काम.

आता डब्याचं. १०२० ला स्वतःचं डोकं फारसं नाही. पानाचं चित्र कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर तयार करतो आणि प्रिंटर ते नुसतं कागदावर उतरवतो. शिवाय तो बंद करून चालू केला की ड्रायव्हरला त्याच्यात फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) पुन्हा ओतावं लागतं. स्वस्त डब्याला हे काही माहीत नसतं. आलेला डेटा पुढे ढकलायचा, एवढीच त्याची अक्कल. दुसऱ्या जातीचे डबे युएसबीची वायरच जणू नेटवर्कवर लांब करतात. त्यांच्यावर प्रिंट निघते, पण एका वेळी एकच कॉम्प्युटर जोडला जातो. एकाने सोडला की दुसऱ्याने धरायचा. मीही एकदा हौसेने असा डबा आणला आणि शनिवारची अख्खी दुपार त्याच्यापुढे घालवली. सध्या तो कपाटावर आहे.

रास्पबेरी पाय (तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर) जमतो. त्यावर लिनक्स, कप्स (प्रिंटची रांग सांभाळणारी प्रणाली) आणि एचपीचं एचपीलिप (एचपीच्या प्रिंटरचे लिनक्ससाठीचे ड्रायव्हर) टाकायचं. १०२० साठी एचपीचा प्लगइन वेगळा उतरवावा लागतो, तो विसरू नका. शेजारच्या ऑफिसात कॅननचा एलबीपी२९०० असेल (आपल्याकडे दर तिसऱ्या टेबलावर तो दिसतो), तर त्यांना मात्र या वाटेला पाठवू नका. त्याचा कॅननने दिलेला लिनक्स ड्रायव्हर पायच्या प्रोसेसरवर चालत नाही.

आणि पुढचा प्रिंटर घ्याल तेव्हा मागे लॅनचं भोक (नेटवर्कची वायर लावायची जागा) असलेला घ्या. वाय-फाय असो-नसो, लॅन हवंच. पाच जणांच्या ऑफिसला मग वेगळा सर्व्हर लागतच नाही. प्रत्येक मशीन थेट प्रिंटरशी बोलतं.

जाता जाता: तुमच्या पत्रात ‘प्रिंटर यूपीएसवर आहे’ असं ओझरतं आलंय. तो काढा. लेझर प्रिंटरचा फ्यूजर (टोनर कागदावर भाजून चिकटवणारा भाग) तापताना एकदम मोठा करंट ओढतो. छोटा यूपीएस तिथे मान टाकतो आणि सोबत कॉम्प्युटरही घेऊन जातो.

प्रश्न (छपाई आणि झेरॉक्सचं दुकान, बार्शी): शेअर केलेला प्रिंटर जोडायला गेलं की शेवटी ‘११बी’ असलेला एरर येतो. एका व्हिडिओत रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगची आतली वही) एक किंमत शून्य करायला सांगितलीय. केली तर चालेल का? एका मशीनवर अजून विंडोज ७ आहे.

उत्तर: चालेल. दाराची कडी काढून ठेवली तर दारही सहज उघडतं, तसं.

हे कुठून आलं ते समजून घ्या. विंडोजमधला प्रिंट स्पूलर हा प्रिंटची कामं रांगेत लावणारा जुना, मोठ्या अधिकारांनी चालणारा आणि बहुतेक प्रत्येक मशीनवर चालू असलेला प्रोग्रॅम आहे. २०१० साली उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमनेही पसरायला त्यातल्याच एका भोकाचा वापर केला होता. २०२१ च्या जुलैत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं भोक उघड झालं: नेटवर्कवरचा साधा युजर स्पूलरच्या आडून अख्ख्या मशीनचा ताबा घेऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या तारखेची वाट न पाहता पॅच काढला. ऑगस्टपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागू लागला. सप्टेंबरच्या अपडेटने स्पूलरच्या आणखी एका जुन्या भोकावरचा बंदोबस्त सक्तीचा केला: दोन मशीनमधलं प्रिंटचं बोलणं आता एन्क्रिप्ट झालंच पाहिजे. एक बाजू अपडेट असेल आणि दुसरी नसेल, तर ११बी. तुमच्याकडे दुसरी बाजू म्हणजे ते विंडोज ७ असणार. त्याचे फुकटचे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच संपले.

व्हिडिओतला शून्य ही सक्ती उठवतो आणि तोही प्रिंटर शेअर करणाऱ्या मशीनवर, म्हणजे सगळ्यांसाठी. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन स्वतःचा पेनड्राइव्ह लावतं. अशा जागी मी हे करणार नाही.

आधी दोन्हीकडे सगळे अपडेट टाका. तेवढ्याने न भागलं तर हे करा. ज्या मशीनवरून प्रिंट द्यायची तिथे प्रिंटरचा ड्रायव्हर आधी स्वतंत्र टाका, जणू प्रिंटर तिथेच जोडलाय. मग ‘अ‍ॅड प्रिंटर’मध्ये लोकल प्रिंटर निवडा, नवा पोर्ट ‘लोकल पोर्ट’ जातीचा करा आणि पोर्टच्या नावाच्या जागी दोन उलट्या तिरक्या रेघा, सर्व्हर मशीनचं नाव, पुन्हा एक उलटी रेघ आणि प्रिंटरचं शेअर नाव लिहा. ड्रायव्हर आपलाच असल्यामुळे तो समोरून मागवायची वेळच येत नाही. बहुतेक ठिकाणी यावर भागतं. शेअर नाव लहान ठेवा, त्यात मोकळी जागा नको. ‘एचपी लेझरजेट प्रो काउंटरजवळचा नवा’ असलं नाव टाइप करताना निम्मी माणसं चुकतात.

प्रश्न (पतसंस्था, तासगाव): लॅनचा प्रिंटर आहे. रोज चालतो, पण लाइट जाऊन आली की दोन-तीन कॉम्प्युटरवर ‘ऑफलाइन’ दिसतो. प्रिंटर काढून पुन्हा टाकला की चालतो. कंपनीचा माणूस म्हणतो, नेटवर्क कार्ड गेलंय.

उत्तर: कार्ड गेलं असतं तर पुन्हा टाकल्यावरही चाललं नसतं. कार्ड धडधाकट आहे, प्रिंटरचं घर बदललंय.

राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता वाटतो. लाइट आल्यावर सगळी यंत्रं एकदम उठतात आणि पत्ता मागतात. प्रिंटरला काल १९२.१६८.१.७ मिळाला होता, आज १९२.१६८.१.१२ मिळाला. कॉम्प्युटर मात्र जुन्याच दारावर थाप मारत बसतो. उलट कधी कधी तो ७ नंबर कुणाच्या तरी मोबाइलला मिळालेला असतो आणि पतसंस्थेचा लेजर एका फोनकडे जायला धडपडतो.

पत्ता कायमचा बांधून टाका. प्रिंटरच्या पॅनेलवरून कॉन्फिगरेशन पेज काढा. त्यावर मॅक अ‍ॅड्रेस असतो: दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. राउटरच्या पानावर डीएचसीपीमध्ये (पत्ते वाटायचा भाग) ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा, तो मॅक अ‍ॅड्रेस टाका आणि त्याच्यापुढे एक नंबर लिहून ठेवा, समजा १९२.१६८.१.५०. प्रिंटर बंद करून चालू करा. आता शंभरदा लाइट गेली तरी तो ५० नंबरवरच उठेल. काही जण प्रिंटरच्या पॅनेलवरच स्टॅटिक पत्ता घालतात. तेही चालतं, पण राउटर बदलला की कुणाला आठवत नाही. मला राउटरमधली नोंद बरी वाटते, सगळे पत्ते एका जागी दिसतात.

अर्धं काम झालं. आता कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ उघडा. खूण ‘डब्ल्यूएसडी’ने सुरू होणाऱ्या पोर्टसमोर असेल, तर विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून टाकलाय. ही सोय टाकताना गोड लागते आणि नंतर रडवते. ‘अ‍ॅड पोर्ट’मधून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ घ्या आणि ५० नंबरचा पत्ता द्या. एवढं करूनही प्रिंटर ऑफलाइन दिसला आणि प्रिंट मात्र निघत असली, तर त्याच पोर्टच्या ‘कॉन्फिगर’मध्ये एसएनएमपी स्टेटसची (विंडोजने प्रिंटरला त्याची हालहवाल विचारायची सोय) खूण काढा. प्रिंटरने त्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला मेला समजतं.

हे सगळ्या मशीनवर करायला तास-दीड तास लागेल. पत्ता प्रिंटरच्या अंगावरच चिकटवून ठेवा, पुढच्या माणसाचे आशीर्वाद लागतील.

प्रश्न (वकिलांचं ऑफिस, अकोला): शेअर प्रिंटर उघडताना युजरनेम आणि पासवर्ड विचारतो. आम्ही रोजचा चार आकडी पासवर्ड टाकतो, तो चुकीचा म्हणतो.

उत्तर: तो पासवर्ड नाही, पिन आहे. पिन फक्त त्याच मशीनसमोर बसून चालतो, नेटवर्कवरून नाही. सर्व्हर मशीनवर ‘प्रिंट’ नावाचा एक साधा लोकल युजर काढा, त्याला पासवर्ड द्या आणि बाकी मशीनवर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये सर्व्हरच्या नावासह तो एकदाच साठवा. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करा हा सल्ला जुना झाला. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती बिनपासवर्डाच्या पाहुण्याला तशीही उभं करत नाही. आणि नेटवर्क ‘पब्लिक’वर असेल तर आधी ‘प्रायव्हेट’ करा, नाहीतर फायरवॉल मधे उभी राहील.

प्रश्न (माध्यमिक शाळा, चिपळूण): लॅबमध्ये ३२ मशीन, काहींवर विंडोज, काहींवर उबुंटू. प्रिंटर लॅनचा आहे. कागद कोण किती संपवतं ते कळायला हवं, मुख्याध्यापकांचा आग्रह आहे.

उत्तर: इथे खरा सर्व्हर हवा. साध्या विंडोज १० किंवा ११ वर शेअरिंग केलंत तर एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा आहे. एकविसावा मुलगा बाहेर.

बाजूला पडलेलं एक जुनं मशीन घ्या आणि त्यावर उबुंटू किंवा डेबियन (दोन्ही लिनक्सच्याच जाती) टाका. कप्स सोबत येतं. १९९९ साली बाहेर आलेली ही मुक्त प्रणाली अ‍ॅपलने पुढे मॅकसाठी उचलली, त्यामुळे तिला ‘फुकटचं’ म्हणून नाकं मुरडायचं कारण नाही. ब्राउझरमध्ये त्याच मशीनवर ६३१ क्रमांकाचा पोर्ट उघडला की कारभाराचं पान दिसतं. तिथे प्रिंटर जोडा आणि शेअरिंगची खूण करा. पासवर्ड नाकारला तर तुमचा युजर ‘एलपीअ‍ॅडमिन’ गटात नाही. उबुंटूच्या मशीनना प्रिंटर आपोआप दिसेल. विंडोजवर ‘नावाने जोडा’ निवडून सर्व्हरचा पत्ता, पोर्ट ६३१, ‘प्रिंटर्स’ आणि रांगेचं नाव असा पूर्ण वेबपत्ता द्यायचा. राउटरवर बाहेरच्या इंटरनेटसाठी ६३१ कधीही उघडू नका. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कप्सच्या सोबतच्या, नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणाऱ्या ‘ब्राउझ्ड’ सेवेत गंभीर भोकं निघाली होती, त्यामुळे सर्व्हरवर ती लागत नसेल तर बंद ठेवा.

हिशेबासाठी कप्सची ‘पेज लॉग’ नावाची फाइल असते, पण ती बरेचदा रिकामी सापडते आणि लोक हात टेकतात. कप्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘पेजलॉगफॉरमॅट’ची ओळ भरल्याशिवाय त्यात काही लिहिलं जात नाही. ती भरा, मग युजर, वेळ, पानं सगळं येईल. मात्र सगळी मुलं ‘स्टुडंट’ याच नावाने लॉगिन करत असतील तर सगळा कागद ‘स्टुडंट’नेच संपवलेला दिसेल. निदान वर्गवार युजर करा. आणि प्रिंटर लॅनचा आहे, तेव्हा त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये फक्त सर्व्हरच्याच पत्त्याकडून काम घ्यायची सोय असेल तर ती लावा. नाहीतर दहावीची दोन पोरं आठवड्याभरात सर्व्हरला वळसा घालून थेट छापायला लागतील.

प्रश्न (ग्रामपंचायत, जुन्नर तालुका): ठरावाची फाइल एका मशीनवर मराठीत नीट दिसते. प्रिंटरच्या मशीनवर नेऊन छापली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा येतो. प्रिंटर खराब आहे का?

उत्तर: नाही हो. फाइल युनिकोडमध्ये (जिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असतो) नाही, जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये आहे. तिथे आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट त्यांच्यावर मराठीचं सोंग चढवतो. ज्या मशीनवर तो फाँट नाही तिथे सोंग उतरतं. फाइल पेनड्राइव्हवरून नेऊ नका. जिथे नीट दिसते तिथूनच नेटवर्कवरून प्रिंट द्या, किंवा तिथेच फाँट आत बसवलेली पीडीएफ करून ती न्या. नवे ठराव मात्र युनिकोडमध्येच टाइप करा.

प्रश्न (होमस्टे, काणकोण): पाहुणे मोबाइलवरून तिकीट छापायला मागतात. प्रिंटर वाय-फायवर आहे, आमच्या फोनला दिसतो, त्यांच्या फोनला नाही.

उत्तर: त्यांना तुम्ही गेस्ट वाय-फाय दिलंय आणि ते बरोबरच केलंय. गेस्टवरच्या फोनला घरातलं दुसरं काही दिसू नये म्हणूनच ते असतं, प्रिंटरही त्यात आला. प्रिंटरसाठी ही भिंत पाडू नका. एक ईमेल पत्ता काउंटरवर लिहून ठेवा, तिकीट त्यावर मागवा आणि तुमच्या फोनवरून छापा.